एकवीस अंकी संख्येचा ताळा

बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करीत जाणाऱ्या राजाची गोष्ट घरोघरी ठाऊक आहे. पटाची घरे ६४. त्यांना आणखी तीन घरे जोडली तर ६७ घरांतील दाण्यांची बेरीज होते १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७.

ही संख्या आम्ही वस्तीतल्या संध्याकाळच्या अभ्यासवर्गात फळ्यावर लिहिली आणि विचारले, ही मूळ संख्या की संयुक्त? सातला १ आणि ७ शिवाय कोणी निःशेष भागत नाही, म्हणून ७ मूळ. सात त्रिक एकवीस, म्हणून २१ संयुक्त. मुलांनी झटापट केली. संख्या सम नाही, शेवटी ० किंवा ५ नाही, अंकांची बेरीज १०९ म्हणून ३ नेही भाग जात नाही. नववीतली एक मुलगी म्हणाली, "काका, मग मूळच असणार."

तिची चूक फार जुनी आहे. फ्रान्समधील धर्मगुरू मर्सेन यांनी १६४४ साली अशा मूळ संख्यांची यादी छापली, तीत हीही होती. एवढ्या मोठ्या संख्या हाताने तपासणे त्यांना शक्यच नव्हते. २३२ वर्षांनी, १८७६ मध्ये, ल्यूका या फ्रेंच गणितज्ञांनी ती संयुक्त असल्याचे सिद्ध केले. पण तिचे अवयव त्यांच्या हाती लागले नाहीत. चोरी झाली हे नक्की, चोर मात्र बेपत्ता!

ऑक्टोबर १९०३ मध्ये न्यूयॉर्कला गणितज्ञांच्या सभेत प्राध्यापक कोल उभे राहिले. सांगतात की ते एक शब्दही बोलले नाहीत. फळ्याच्या एका बाजूस त्यांनी ही संख्या काढली, दुसऱ्या बाजूस १९,३७,०७,७२१ गुणिले ७,६१,८३,८२,५७,२८७ असा गुणाकार मांडला. दोन्ही उत्तरे जुळली. टाळ्यांचा कडकडाट झाला. किती दिवस लागले, असे पुढे कोणी विचारले तेव्हा, "तीन वर्षांचे रविवार," असे ते म्हणाल्याचे सांगतात. आज संगणकाला हे काम क्षणाचे आहे.

शोधायला तीन वर्षे, पडताळायला मात्र वहीचे एक पान! आम्ही कारकून माणसे, आधी नवाचा ताळा घेतो. पहिल्या अवयवाच्या अंकांची बेरीज ३७, म्हणजे १०, म्हणजे १. दुसऱ्याची ६४, तीही १. एक गुणिले एक, एक. आणि मोठ्या संख्येची १०९, म्हणजे पुन्हा १. ताळा जुळला. अर्थात ताळ्यावर विसंबून चालत नाही. खतावणीत २७ च्या जागी ७२ पडले तरी तो जुळतो, हे आम्ही दंड भरून शिकलो आहोत. म्हणून गुणाकार पुरता करायला सांगितला.

त्या मुलीला पाऊण तास लागला. उत्तराचा ताळा आला ७. ओळीओळीने मागे गेल्यावर एका ठिकाणी हातचे ३ राहिलेले सापडले. तिने तेवढी ओळ खोडली, पुन्हा बेरीज केली आणि वही आमच्यापुढे न धरता स्वतःच फळ्याशी अंक अंक लावून पाहू लागली.