खताच्या ढिगावरची हवा

कचरा डेपोच्या दिशेने वाऱ्याची झुळूक आली की नाकाला रुमाल लावून महापालिकेच्या नावाने बोटे मोडणारा नागरिक दुर्गंधीलाच सर्व अनर्थाचे मूळ समजतो. परंतु दुर्गंधी कितीही असह्य असली तरी तिच्यावरून हवेतील सूक्ष्मजंतूंचे आणि बुरशीच्या बीजाणूंचे प्रमाण ठरत नाही, आणि ज्या दिवशी वास बेताचा असतो त्याच दिवशी डेपोतील खताच्या ढिगाजवळची हवा त्यांनी भरलेली असण्याचा पुष्कळ संभव असतो.

इंदूर येथे अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी सिद्ध करून 1931 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केलेल्या कंपोस्ट पद्धतीत ढीग वेळोवेळी परतण्याला मोठे महत्त्व आहे. परतल्याने आत प्राणवायू शिरतो, जंतूंचे कार्य वेगाने चालते, उष्णमान 55 ते 65 अंश सेल्सिअसपर्यंत चढते आणि रोगजंतू व तणांची बीजे बहुतांशी नष्ट होतात. मात्र जी उष्णता एकाचा काळ ठरते तीच दुसऱ्याला मानवते. ढीग उकरून पाहावा, तर पृष्ठभागाखाली वीतभर खोलीवर राख भुरभुरल्यासारखा करडा-पांढरा थर दिसतो. ती राख नव्हे, उष्णताप्रिय ॲक्टिनोमायसीट जंतूंचे ते जाळे होय. बाहेरच्या किंचित थंड भागात ॲस्परजिलस फ्युमिगेटस ही बुरशी सुखेनैव नांदते. तिचे बीजाणू अवघे दोन-तीन मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दुप्पट-तिप्पट. नाकातील केसांना व श्लेष्म्याला चुकवून ते थेट फुप्फुसातील वायुकोशांपर्यंत पोहोचतात. ढीग निश्चल असेपर्यंत ते बहुतेक जागच्या जागी असतात. लोडरने तो परतला किंवा तयार खत चाळणीवर घातले, की त्यांचा लोट उठतो. खत ज्या क्रियेने उत्तम होते, तिनेच हवा बिघडते.

निरोगी माणसाला याची बाधा बहुधा होत नाही. अशक्त प्रतिकारशक्तीच्या रुग्णाला मात्र ही बुरशी प्राणघातक ठरू शकते. कामगाराची गोष्ट निराळी. दिवसभर धूळ फुप्फुसात गेल्यावर चार-आठ तासांनी, म्हणजे घरी जाऊन जेवायला बसण्याच्या सुमारास, त्याला हुडहुडी भरते, ताप चढतो, छाती जड होते. हिवताप समजून तो गोळी घेतो आणि दुसऱ्या दिवशी मुकादमापुढे हजेरीला उभा राहतो. कारण आणि परिणाम यांत एवढे अंतर पडल्यावर दवाखान्याच्या दप्तरात डेपोचे नाव येणार कसे?

हे जंतू मोजण्यासाठी 1958 साली अँडरसन यांनी वर्णिलेल्या उपकरणात मिनिटाला सुमारे 28 लिटर हवा एकाखाली एक अशा सहा छिद्रमय चकत्यांतून ओढली जाते आणि कण आकारानुसार वेगळे होऊन पोषकद्रव्यावर बसतात. यात गणना होते ती वाढू शकणाऱ्या जंतूंचीच. काही जीवाणूंच्या कवचातील एंडोटॉक्सिन नावाचे विष जंतू मेल्यावरही ताप आणू शकते, आणि ते या मोजणीत येत नाही.

इंग्लंडमध्ये वस्तीपासून 250 मीटरच्या आत कंपोस्ट खत करणारे केंद्र असल्यास जोखमीची स्वतंत्र तपासणी मागतात, कारण त्यापलीकडे बीजाणूंचे प्रमाण सामान्यतः सभोवतालच्या हवेइतके उतरते. शेजाऱ्यांपुरता हा बंदोबस्त ठीक. फावडे हाती असलेल्याला अंतर राखणे शक्यच नसते. त्याच्यासाठी परतण्यापूर्वी ढीग ओलसर करणे, चाळणीला आच्छादन घालणे आणि लोडरची केबिन बंद, गाळलेल्या हवेची ठेवणे हे उपाय आहेत. आपल्याकडील 2016 च्या घनकचरा नियमांत कामगारांना गणवेश, हातमोजे व बूट यांबरोबर मास्क देण्याचीही ताकीद होती. पण तो सूक्ष्म कण अडवणारा असावा की नुसता कापडी, याविषयी त्या यादीत अवाक्षर नव्हते.