स्मृतिवनातील देशी वृक्ष : भुज येथील उदाहरण

मृतांच्या स्मरणार्थ वृक्ष लावण्याची प्रथा जुनी आहे. परंतु स्मारक आणि देशी वृक्षांचे अध्ययनस्थान ही दोन्ही प्रयोजने एकाच भूमीवर साधावयाची म्हटली की वृक्षांच्या निवडीचा प्रश्न बिकट होतो. भुज येथील स्मृतिवन हे त्याचे बोलके उदाहरण होय. 26 जानेवारी 2001 रोजी कच्छमध्ये झालेल्या भूकंपात सुमारे 13,000 माणसे दगावली. त्यांच्या स्मरणार्थ भुजिया डोंगरावर सुमारे 470 एकर क्षेत्रात उभारलेले हे वन 28 ऑगस्ट 2022 रोजी खुले झाले.

प्रत्येक मृतामागे एक वृक्ष, अशी मूळ कल्पना होती. नावे मात्र लावली आहेत ती डोंगरउतारावरील सुमारे 50 जलाशयांच्या भिंतींवर. ही योजना आम्हांस फार समंजस वाटते. रोप मेले, तर ज्याच्या नावाने ते लावले त्याच्या आप्तांस पुन्हा एकदा वियोग घडतो. भिंतीवरील नाव टिकते, आणि तेथेच अडलेले पाणी मुरून भोवतालची झाडे जगविते.

आता झाडे कोणती? कच्छमधील वार्षिक पर्जन्यमान सरासरी 400 मिलिमीटरच्या आसपास, आणि तेही लहरी. येथील नैसर्गिक वनस्पती काटेरी वनाच्या प्रकारात मोडते : दसऱ्यास आपण जिची पूजा करतो ती शमी, पिलू, पर्णहीन भासणारी नेपती, डिंक देणारा गोरड आणि गुग्गुळ. यांतील बहुतेक मंदगतीने वाढणारी, छाया बेताची. दुःखी मनास सावली हवी असते, आणि या भूमीचे खरे वन ती कृपणपणेच देते! हिरवाईच्या अशाच घाईतून 1960 च्या दशकाच्या आरंभी कच्छच्या बन्नी प्रदेशात विलायती बाभळीची विस्तृत लागवड झाली. तिने पुढे गवताळ राने गिळली. स्थानिक लोक तिला ‘गांडो बावळ’, म्हणजे वेडी बाभूळ, म्हणतात.

स्मृतिवनाच्या काही भागात मियावाकी पद्धतीने दाट लागवड झाली आहे. अकिरा मियावाकी (1928–2021) या जपानी शास्त्रज्ञाच्या पद्धतीत एका चौरस मीटरमध्ये तीन-चार रोपे लावतात. तिचे पहिले तत्त्व मात्र दाटी हे नव्हे, तर मानवी हस्तक्षेप नसता तर त्या स्थळी कोणते वन उभे राहिले असते याचा आधी शोध घेणे, हे आहे. विरळ काटेरी वनाच्या प्रदेशात ही दाटी त्या तत्त्वाशी कितपत जुळते, याची शंका येते. शिवाय दाटीत स्पर्धेने कित्येक रोपे मरावयाचीच. समूह उरतो, व्यक्ती उरत नाही. अध्यापनास तर व्यक्तिवृक्षच लागतो : ज्याचे बीज कोठून आले, तो कधी लावला, यंदा केव्हा फुलला, याची नोंद ठेवता येईल असा.

म्हणून अशा स्थळी निदान काही एकर विरळ लागवडीसाठी राखावेत. प्रारंभ गुग्गुळापासून करणे इष्ट. निर्याससंग्रहासाठी घातलेल्या अविचारी घावांमुळे ही वनस्पती झपाट्याने घटली असून आंतरराष्ट्रीय सूचीत तिची गणना अतिसंकटग्रस्त जातींत होते. तिच्या फांद्यांपासून नवी रोपे करता येतात. तथापि मातृवनस्पतींची विविधता राखावयाची, तर बियांपासूनची रोपेही वेगळी नोंदवून लावली पाहिजेत.