अश्वारूढ नगारचीचा वेष : एक अन्वयार्थ

मराठीतील ‘नगारा’ आणि मध्ययुगीन इंग्रजीतील ‘नेकर’ हे दोन्ही शब्द एकाच अरबी ‘नक्कारा’ शब्दापासून निघालेले आहेत. क्रुसेडांच्या काळात हे जोडवाद्य पश्चिम युरोपात गेले व त्याचे नाव फ्रेंचमधून इंग्रजीत उतरले. घोड्याच्या दोन्ही अंगांस बांधलेले मोठे नगारे तेथे पुढे पंधराव्या शतकात आले. १४५७ साली फ्रान्सच्या दरबारी आलेल्या हंगेरियन वकिलातीबरोबर असे नगारे होते. इंग्रजीत ‘नेकर’ लोपून ‘केटलड्रम’ रूढ झाला. नाव बदलले, तरी नगारा हे सत्तेचे चिन्ह होय, हा संकेत तेथेही दृढ झाला. ‘नौबत’ आणि ‘नगारखाना’ या शब्दांमुळे मराठी वाचकास तो अपरिचित नाही. ब्रिटिश घोडदळातील नगारचीच्या वेषाचा अर्थ याच संकेतात शोधावा लागतो.

राजाच्या खास घोडदळातील, म्हणजे हाउसहोल्ड कॅव्हलरीतील, स्वार समारंभात शिरस्त्राण व चकाकते उरस्त्राण धारण करतो. त्याच पथकातील नगारचीच्या अंगावर मात्र चिलखत नसते. सोनेरी जरीचा गुडघ्यापर्यंत येणारा झगा आणि गडद निळ्या मखमलीची साधी टोपी हा त्याचा दरबारी वेष होय. झग्यावर राज्यकर्त्याची नाममुद्रा भरलेली असते. राज्यकर्ता बदलला की ती अक्षरेही बदलावी लागतात. हा वेष वाटेल त्या प्रसंगी घालावयाचा नसतो; राजकुळातील व्यक्तींच्या वा लंडनच्या लॉर्ड मेयरच्या उपस्थितीत तो चढविला जातो. तात्पर्य, हा योद्ध्याचा गणवेष नसून राजसेवकाचा पोशाख आहे. नगारेही राजदत्तच : रॉयल हॉर्स गार्ड्सला तिसऱ्या जॉर्जने १८०५ मध्ये, तर लाइफ गार्ड्सला चौथ्या विल्यमने १८३१ मध्ये चांदीचे नगारे दिले.

किंग्ज ओन ड्रगून्स या रेजिमेंटची परंपरा याहून निराळी आहे. २७ जून १७४३ रोजी डेटिंगेनच्या लढाईत तिने फ्रेंचांचे चांदीचे नगारे हस्तगत केले. नगारे गमावणे हे निशाण गमावण्याइतकेच लांछनास्पद मानले जाई. म्हणूनच ते जिंकण्याचे महत्त्व. या रेजिमेंटच्या नगारचीच्या गळ्यात चांदीचे कडे असते. पुढे लेडी साउदॅम्प्टन म्हणून ओळखल्या गेलेल्या, कर्नलच्या पत्नीने ते १७७२ मध्ये अर्पण केले. अन्यत्र नगाऱ्यांवर भरजरी निशाणवस्त्रे घालतात. येथे विजयचिन्ह दिसावे म्हणून नगारे उघडे ठेवण्याची प्रथा पडली.

व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर पहिल्या वेषात षष्ठीचा संबंध आहे, नगारा कोणाचा हे तो सांगतो. दुसऱ्यात पंचमीचा, नगारा कोणापासून मिळविला हे तो सांगतो. दोहोंतही नगारचीची स्वतःची व्यक्तिता गौणच राहते. त्याचे दोन्ही हात टिपऱ्यांत गुंतलेले असल्याने लगाम रिकिबींशी जोडलेले असतात व घोडा पायांनीच वळवावा लागतो. शस्त्र चालविण्यास त्याचा हात मोकळा नसतो. तो लढवय्या नव्हे, मानचिन्हाचा वाहक होय. रणांगणातून घोडदळाचे नगारे नाहीसे झाले, तरी हा वेष टिकला. कारण त्याचे प्रयोजन मूळचेच युद्धाचे नव्हते, मानाचे होते.