थोडं तेल स्वतःच्या मानेलाही!

सोलापूरजवळच्या कुंभारीत २००६ साली विडी कामगार बायकांच्या १० हजार घरांचं लोकार्पण झालं. वसाहतीला नाव गोदूताई परुळेकरांचं. डोक्यावर हक्काचं छप्पर आलं, पण मान खालीच राहिली. मांडीवर सूप, हजार विड्या वळेपर्यंत बोटांना उसंत नाही. संध्याकाळी मान आखडते, खांदे भरून येतात.

मैत्रिणींनो, बाळाला, बाळंतिणीला तेल लावणारे आपले हात स्वतःच्या मानेवर कधी फिरतात? वाग्भटाने अभ्यंग रोज करायला सांगितलाय. डोकं, कान, पाय यांना विशेष.

आधी हात साबणाने धुवा, निकोटीन कातडीतूनही अंगात शिरतं. मग तिळाचं कोमट तेल, बेताचा दाब; मणक्यावर जोर नको. सासू-सुनांनी एकमेकींचे खांदे चोळले, तर अंगाबरोबर मनही सैलावतं. ताप किंवा सूज असेल तर मालीश नको. हाताला मुंग्या येत असतील, पकड सुटत असेल, तर डॉक्टरच गाठा.

मधूनमधून उठायलाही हवं. उठलं की विड्या कमी, म्हणजे मजुरी कमी, हे खरंच. पण ज्या हातांवर घर चालतं, त्यांना दिवसाकाठी दहा मिनिटं तरी द्याल ना?