जुन्या डिझेल इंजिनाची विश्वासार्हता



आमच्या पदार्थविज्ञानाच्या सरांच्या स्मरणार्थ होणाऱ्या या व्याख्यानासाठी मी जुन्या डिझेल मोटारीच्या इंजिनासारखा तेलकट विषय निवडला, याचे काहींना नवल वाटले असेल. परंतु या विषयातील माझा खरा धडा सरांनीच मला दिला, आणि तोही वर्गाबाहेर.

१९९३ सालच्या मे महिन्यात सरांना सावंतवाडीहून बेळगावला आणण्याचे काम मी आनंदाने स्वीकारले. गाडी माझीच, डिझेलवरची अ‍ॅम्बॅसॅडर. आंबोलीचा घाट अर्धा चढलो आणि बॉनेटखालून वाफ उसळली. रेडिएटरची एक रबरी नळी फुगली आहे हे मला महिनाभर ठाऊक होते. ‘पुढच्या सर्व्हिसिंगला बदलू’ म्हणून मी ती तशीच ठेवली होती. रस्त्याकडेच्या दगडावर बसून सरांनी शांतपणे विचारले, “अरे, काटा केव्हापासून चढत होता?”

“दहा मिनिटे झाली असतील, सर.”

“म्हणजे इंजिन तुला दहा मिनिटे सांगत होते. तू ऐकले नाहीस.”

हेड गॅस्केट जळाले होते. दम्याने त्रस्त असलेल्या सरांना त्या उन्हात तीन तास बसावे लागले आणि अखेर एका मालट्रकमधून घर गाठावे लागले. ती शरम अद्याप माझ्या मनातून गेलेली नाही.

जुने डिझेल इंजिन कधी बिघडत नाही, अशी त्याची ख्याती आहे. माझे प्रतिपादन थोडे निराळे आहे. ते बिघडण्यापूर्वी बहुधा सूचना देते आणि बिघडल्यावर साध्या हत्यारांनी दुरुस्त होते. या दोन गुणांनाच आपण विश्वासार्हता म्हणतो; आणि या दोन्ही गुणांना मालकाच्या जागरूकतेची जोड लागते.

प्रथम रचना पाहू. रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ साली जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे यशस्वी ठरले. त्याचे तत्त्व असे की हवा इतकी दाबावी की तिच्या उष्णतेनेच इंधन पेटावे. मोटारींच्या जुन्या डिझेल इंजिनांत हवा सुमारे विसाव्या हिश्शापर्यंत दाबली जाते व तिचे तापमान पाचशे अंश सेल्सिअसच्या वर जाते. त्यामुळे ठिणगीचा प्लग, कॉइल, डिस्ट्रिब्यूटर ही सारी यंत्रणा अनावश्यक ठरते. जी वस्तू नाही, ती बिघडतही नाही. टर्बोचार्जरही नसल्यामुळे वातावरणाच्या दाबाने जेवढी हवा आत येईल तेवढीच इंजिनाला मिळते. १९८० साली आलेल्या डिझेल अ‍ॅम्बॅसॅडरचे इंजिन १४८९ घनसेंटिमीटरचे होते. त्याची शक्ती जेमतेम ३७ अश्वशक्ती. बिडाचा जाड ब्लॉक आणि एवढे माफक काम! गाडी संथ चालते ती याचमुळे आणि दीर्घकाळ टिकते तीही याचमुळे.

मात्र या इंजिनाच्या काही अटी आहेत.

पहिली अट स्वच्छ इंधनाची. नोझलमधील सुई व तिची नळी यांच्यातील फट दोन-चार सहस्रांश मिलिमीटर, म्हणजे केसाच्या जाडीहून कितीतरी कमी असते. डिझेलमधील पाणी आणि धूळ हे तिचे शत्रू होत. म्हणून फिल्टर वेळेवर बदलावा व त्याच्या तळाचे पाणी काढून टाकावे. टाकी पूर्ण रिकामी होऊ देऊ नये. नळ्यांत हवा शिरली की हातपंप मारून एअर काढत बसावे लागते. स्वस्त पडते म्हणून रॉकेल मिसळण्याची पूर्वीची खोड तर सर्वथा सोडावी. पंपाच्या आतील भागांना वंगण डिझेलच पुरवते आणि रॉकेल त्या मानाने पातळ व कोरडे असते. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण दहा लाखांत दहा भागांहून अधिक नसते. गंधक काढताना डिझेलचा वंगणगुण घटतो व तो मिश्रकाने भरून काढावा लागतो. त्यात पुन्हा रॉकेल ओतणे म्हणजे पंपाचे आयुष्य घटवणे होय.

दुसरी अट हवेची. आपले बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंच आहे. येथे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा आठ-नऊ टक्क्यांनी कमी असतो. शक्ती कमी वाटते म्हणून पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवले, तर न जळालेल्या इंधनाचा काळा धूर तेवढा वाढतो. त्याआधी एअर फिल्टर पाहावा.

तिसरी अट तेलाची. डिझेल इंजिनाचे तेल काजळीने लवकर काळे पडते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. परंतु डिपस्टिकवरील पातळी आपोआप वाढू लागली किंवा तेल दुधाळ दिसले, तर त्यात डिझेल अथवा पाणी उतरत आहे असे समजावे. टॅपेटमधील अंतर फिलर गेजने ठराविक मुदतीत तपासून घ्यावे.

चौथी अट पाण्याची; तिचे प्रायश्चित्त मी घाटात घेतलेच आहे. नळ्या, फॅन बेल्ट व थर्मोस्टॅट या स्वस्त वस्तू आहेत. त्यांच्यापायी हेड गमावणे हा शुद्ध तोटा.

याखेरीज धुराची भाषा शिकावी. काळा धूर म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी. निळा धूर म्हणजे इंजिन तेल जाळत आहे. थंडीत सकाळी थोडा वेळ पांढरा धूर आला तर हीटर प्लग तपासावेत. तो थांबतच नसेल व रेडिएटरचे पाणीही घटत असेल, तर हेड गॅस्केटविषयी संशय घ्यावा.

ग्रीसमधील एका टॅक्सीचालकाची १९७६ सालची मर्सिडीज २४० डी ही टर्बो नसलेल्या डिझेल इंजिनाची गाडी ४६ लाख किलोमीटर चालली व २००४ साली कंपनीच्या संग्रहालयात गेली. मात्र हे अंतर एकाच इंजिनाने तोडले नव्हते. इंजिने अनेकदा उतरवून बदलली गेली. हा विक्रम जितका यंत्राचा, तितकाच त्याची निगा राखणाऱ्याचा आहे.

आणखी एक गोष्ट सांगणे मी कर्तव्य समजतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलच्या धुराला मानवी कर्करोगाचे कारण म्हणून मान्यता दिली. उत्तम निगा राखली तरी जुने इंजिन नव्याइतके स्वच्छ होत नाही. म्हणून गाडी जपावी, पण शाळेच्या फाटकासमोर ती सुरू ठेवून उभे राहू नये. आणि दुरुस्तीनंतरही धूर हटत नसेल तर ममता बाजूला सारून तिला निवृत्त करावे. आपल्या गाडीमागून चालणाऱ्यांतही कोणी दम्याचा रोगी असतोच.

त्या घटनेनंतर सर पुन्हा माझ्या गाडीत बसले. बसण्यापूर्वी त्यांनी बॉनेट उघडायला लावले, नवी नळी बोटांनी दाबून पाहिली आणि म्हणाले, “आता चल.” मिळालेल्या गुणांपेक्षा त्या दोन शब्दांचे मोल मला अधिक वाटत आले आहे. त्यांच्या स्मृतीस वंदन करून मी येथे विराम घेतो.