चाळिशीनंतर वजन उचला, म्हातारपणी स्वतःला उचलता येईल

आपल्या मशिदींमध्ये गेल्या काही वर्षांत खुर्च्या वाढल्या आहेत. पूर्वी सफेच्या एका टोकाला एखादे बुजुर्ग खुर्चीवर बसून नमाज अदा करताना दिसत. आता पन्नास-पंचावन्नचे धडधाकट दिसणारे गृहस्थही खुर्ची शोधतात. घरात अम्मी आणि खालांचे तेच. जानमाज पलंगाशेजारी अंथरायची, म्हणजे सजद्यातून उठताना पलंगाचा आधार घेता येतो. ज्यांना खरोखर आजार आहे, त्यांना सवलत आहेच आणि त्यांच्याबद्दल आमचे काहीही म्हणणे नाही. पण यातल्या अनेकांना आजार नसतो. त्यांच्या मांड्यांतले बळ गेलेले असते. आणि गेलेले बळ बऱ्याच अंशी परत आणता येते, हे त्यांना कुणी सांगितलेले नसते.

वयाबरोबर काय हरवते?

तिशीनंतर आपले स्नायू हळूहळू घटू लागतात. दर दहा वर्षांना साधारण ३ ते ८ टक्के, आणि साठीनंतर त्याहून वेगाने. गंमत अशी की वजनकाट्यावर हे दिसत नाही, कारण स्नायूची जागा चरबी घेते. वजन तेच, कपडे तेच, पण आतला माल बदललेला. या घसरणीला १९८९ साली अमेरिकन शास्त्रज्ञ आयर्विन रोझेनबर्ग यांनी 'सार्कोपेनिया' असे नाव सुचवले. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ घेतला तर 'मांसाची गरिबी'.

ही गरिबी पहिल्यांदा जिन्यात कळते, मग बाजाराच्या पिशवीत, मग भारतीय पद्धतीच्या संडासातून उठताना. पुढे तोल जातो, माणूस पडतो, खुब्याचे हाड मोडते आणि चालता-फिरता माणूस अंथरुणाला खिळतो.

आपण कुठे आहोत हे घरीच पाहता येते. साध्या खुर्चीवर बसा, हात छातीवर बांधा आणि सलग पाच वेळा पूर्ण उभे राहून बसा. आशियाई तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये ठरवलेल्या निकषानुसार याला १२ सेकंद किंवा जास्त लागत असतील, तर स्नायूंची ताकद कमी झाल्याची शंका घ्यावी. घरातल्या सगळ्यांची ही परीक्षा घेऊन पाहा. कधी कधी पंचेचाळीसचा मुलगा सत्तरीच्या अब्बांपेक्षा मागे पडतो.

चालणे पुरेसे नाही का?

फजरनंतर चालायला जाणाऱ्यांची संख्या वाढली आहे, ही चांगली गोष्ट आहे. चालण्याने हृदय आणि फुप्फुसांना फायदा होतो. पण रोजच्याच चालण्याने स्नायूंवर नवा भार पडत नाही, आणि भार वाढल्याशिवाय स्नायू वाढत नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत दोन गोष्टी आहेत: आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल, आणि शिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम. आपण पहिला अर्धा भाग लक्षात ठेवतो आणि दुसरा विसरतो.

भार हळूहळू वाढवत नेण्याची पद्धत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात थॉमस डीलॉर्म या अमेरिकन लष्करी डॉक्टरांनी जखमी सैनिकांवर वापरली. त्या काळी अशा रुग्णांना जपून, हलकाच व्यायाम देत. डीलॉर्म यांनी वजने उचलायला लावली आणि सैनिक लवकर उभे राहिले. म्हणजे ही विद्या केवळ पहिलवानांची नाही, ती दवाखान्यातही वापरली गेली.

आणि उशीर झाला असे वाटत असेल तर बोस्टनचा प्रयोग ऐका. १९९० साली तिथल्या एका वृद्धालयात नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना मांड्यांच्या स्नायूंसाठी वजने देण्यात आली. नऊ जणांनी आठ आठवडे पूर्ण केले. त्यांच्या मांड्यांची ताकद सरासरी पावणेतीन पट झाली. नव्वदीत हे होते, तर पंचेचाळिशीत का होणार नाही?

साखर आणि हाडे

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. जेवणानंतर रक्तात येणारी साखर साठवण्याचे एक मोठे कोठार म्हणजे आपले स्नायू. कोठार लहान झाले आणि वापरात नसले, की साखर रक्तातच फिरत राहते. वजने उचलल्याने कोठार मोठे होते आणि त्याचे दारही नीट उघडते. औषधाची जागा व्यायाम घेत नाही, पण औषधाला साथ मात्र देतो.

बायकांसाठी दुसरे कारण हाडांचे. पाळी थांबल्यानंतर हाडे झपाट्याने विरळ होतात. ऑस्ट्रेलियात हाडे विरळ झालेल्या १०१ स्त्रियांवर एक प्रयोग झाला. एका गटाने आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली जड वजने उचलली. आठ महिन्यांनी त्यांच्या कण्याच्या हाडांची घनता सुमारे ३ टक्क्यांनी वाढली होती. घरी हलका व्यायाम करणाऱ्या दुसऱ्या गटाची मात्र घटली होती.

घरातले आक्षेप

"दिवसभर घरात राबते, आणखी कसला व्यायाम?" भाभींचा हा प्रश्न रास्त आहे. पण तोच हंडा, तीच बादली वीस वर्षे उचलली तर शरीराला तिची सवय होते. त्या कामाने थकवा येतो, ताकद वाढत नाही. शिवाय ते काम इतरांसाठी असते. आठवड्यातली दोन अर्धे तास स्वतःसाठी मागणे हा गुन्हा नाही, आणि ते देणे घरच्यांचे काम आहे.

"पुरुषांसारखे दंड होतील!" होणार नाहीत. असे दंड ज्या संप्रेरकामुळे वाढतात, ते स्त्रियांच्या शरीरात पुरुषांच्या मानाने फारच थोडे असते.

"या वयात शोभते का?" गामा पहिलवान, म्हणजे गुलाम मुहम्मद, जोर-बैठकांवर घडलेला गडी. १९१० मध्ये लंडनला ज्याच्याशी त्याची गाजलेली लढत झाली, त्या झ्बिस्को नावाच्या मल्लाला त्याने १९२८ साली पतियाळात एका मिनिटाच्या आत चीत केले. तेव्हा गामा पन्नाशीला टेकला होता. आपल्याला कुस्ती मारायची नाही. जमिनीवरून उठायचे आहे, तेवढे शोभेल.

"जिममध्ये कसे जायचे?" जायलाच हवे असे नाही. दार लावून घरातल्या खोलीत, नणंद-भावजयींनी मिळून केले तरी शरीराला फरक कळत नाही.

सुरुवात अशी करा

आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, मध्ये एक दिवस विश्रांती. आधी पाच मिनिटे जागच्या जागी चालून अंग गरम करावे. मग हे सहा प्रकार:

१. उठाबशा. शाळेत शिक्षा म्हणून बदनाम झालेला हा फार चांगला व्यायाम. सुरुवातीला खुर्चीवर टेकून उठा.

२. भिंतीवरचे जोर. जमले की ओट्यावर, पुढे जमिनीवर.

३. पाठ सरळ ठेवून, कमरेतून वाकून तेलाचा पाच लिटरचा कॅन उचलणे आणि ठेवणे.

४. एक हात टेबलावर टेकवून दुसऱ्या हाताने वजनाची पिशवी बरगडीपर्यंत ओढणे.

५. पाण्याच्या बाटल्या खांद्यापासून डोक्यावर नेणे. एक लिटरची भरलेली बाटली म्हणजे एक किलो.

६. दोन्ही हातांत भरलेल्या पिशव्या घेऊन खोलीत ताठ चालणे.

पहिले पाच प्रकार प्रत्येकी ८ ते १२ वेळा, दोन-दोन फेऱ्या. सहावा अर्धा-एक मिनिट, तोही दोनदा. फेऱ्यांमध्ये दीड-दोन मिनिटे दम घ्या. शेवटच्या दोन वेळा जड वाटायला हव्यात, पण ढब बिघडता कामा नये. बारा वेळा सहज होऊ लागले की वजन थोडे वाढवा. सगळी गुरुकिल्ली याच वाक्यात आहे. वही घाला, तारीख आणि आकडे लिहा. मुलांच्या प्रगतिपुस्तकासारखे स्वतःचेही असू द्या.

वजन वर नेताना श्वास सोडावा, रोखू नये. श्वास रोखल्याने रक्तदाब एकदम चढतो.

ताटात काय हवे?

स्नायूंची वीट म्हणजे प्रथिने. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार प्रौढाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम प्रथिने लागतात. वाढत्या वयात थोडी अधिक घ्यावीत, असे अनेक तज्ज्ञ सांगतात. एका अंड्यात ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ६-७, शिजवलेल्या १०० ग्रॅम कोंबडीत सुमारे २५. डाळ, चणे, मासे, दही आहेतच.

आपण मांसाहारी, मग आपल्याला कमी कसली? पण ताटे नीट पाहा. बिर्याणीत भात जास्त असतो. आणि सर्वांत शेवटी जेवायला बसणाऱ्या बाईच्या वाट्याला बऱ्याच घरांत रस्सा आणि बटाटा उरतो. बोट्या आधी मोजून बाजूला काढून ठेवा. महागड्या पावडरींची गरज बहुतेकांना नाही. आणि कुणी 'ताकदीचे' इंजेक्शन सुचवले तर त्या दुकानाची पायरी पुन्हा चढू नका.

रमजानमध्ये व्यायाम बंद करायचे कारण नाही, वजन आणि फेऱ्या कमी करा. इफ्तारनंतर तासा-दोन तासांनी किंवा तरावीहनंतर वीस मिनिटे पुरतात. रोज्यात भर दुपारी, घाम गाळत मात्र नको.

आधी डॉक्टरांना विचारा

हृदयविकार, ताब्यात नसलेला रक्तदाब, हर्निया, मणक्याचा त्रास किंवा मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्याला इजा झाली असेल, तर सुरुवातीआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मूत्रपिंडाचा आजार असल्यास प्रथिने वाढवण्याआधीही. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी जवळ खजूर किंवा साखर ठेवावी. दुसऱ्या दिवशी अंग ठणकणे साहजिक आहे. सांध्यात टोचणारी कळ, छातीत दाब किंवा चक्कर आली तर तिथेच थांबावे.

शरीर ही अमानत आहे, असे आपण मुलांना सांगतो. अमानतीचा सांभाळ नुसत्या बोलण्याने होत नाही. पहिल्या महिन्यात फरक आरशात दिसणार नाही. तो जिन्यात, पिशवीत आणि उठण्या-बसण्यात जाणवेल. या जुम्म्याला घरातल्या चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाला खुर्चीवर बसवा, घड्याळ मुलाच्या हाती द्या आणि पाच उठाबशांचे सेकंद वहीत लिहा. तीन महिन्यांनी तीच परीक्षा पुन्हा घ्या.