जालन्याची वारी आणि एकट्याची मोटार

‘जालना रोड’ म्हटले की जालनेकराच्या डोळ्यांपुढे जालना येत नाही, छत्रपती संभाजीनगर येते. रस्ता नावाने आमचा, गर्दीने त्यांचा! क्रांती चौक, मोंढा नाका, सेव्हन हिल, सिडको असे एकेक ठाणे ओलांडीत तो चिकलठाण्याच्या विमानतळावरून निघतो आणि करमाड, बदनापूर घेत सुमारे ६० किलोमीटरांवर जालन्यात शिरतो. चौकाचौकांत उड्डाणपूल झाले. गर्दी पुलावर चढली आणि पुढच्या चौकात उतरली, इतकेच.

या रस्त्याने रोज सकाळी एक वारी निघते. तिला ना टाळ, ना मृदंग. १ मे १९८१ रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, साहेब आले, कारकून आले. पण बऱ्याच जणांची बिऱ्हाडे तिकडेच राहिली. मुलांची शाळा, पत्नीची नोकरी, म्हाताऱ्या आईचा डॉक्टर. कारणे काही खोटी नाहीत. ‘साहेब कुठे राहतात?’ असे विचारावे तर शिपाई सांगतो, ‘साहेब अपडाऊन करतात.’ यात पत्ता नाही, पण उत्तर पुरे होते.

पूर्वी ही मंडळी आगगाडीने नाहीतर एस्टीने येत. आता अनेकांच्या दाराशी मोटार उभी आहे. मोटारीत जागा पाच आणि बसलेला एक! एका एस्टीतले चाळीस उतारू असे एकेकटे निघाले, तर चाळीस मोटारी होतात. त्या नुसत्या एकीला एक खेटून उभ्या केल्या तरी दीडशे मीटरांची रांग होईल. एस्टीला बारा मीटरही लागत नाहीत.

खर्चाचे म्हणाल तर जाऊन-येऊन १२० किलोमीटर. लिटरला १५ किलोमीटर धरले तर ८ लिटर पेट्रोल, आणि भाव लिटरला शंभराच्या वर. म्हणजे रोजचे आठशे रुपये धुरात गेले. टायर, विमा, दुरुस्ती वेगळीच. साध्या एस्टीचे एका बाजूचे भाडे शंभराच्या आसपास. मासिक पास काढला तर वीस दिवसांच्या पैशांत महिनाभर प्रवास. मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट आहे, ते निराळेच.

मग मोटारवाला एस्टीत का बसत नाही? ऐट हे अर्धेच उत्तर. तो पैसे मोजत नाही, मिनिटे मोजतो. घरून स्टँडवर जायचे कसे, जालन्यात उतरून कचेरी गाठायची कशी, आणि साहेबांनी संध्याकाळी सहा वाजता फाईल मागितली तर परतायचे कसे, या तीन प्रश्नांना तिकिटाची सवलत उत्तर देत नाही. त्यात ऑक्टोबर २०२१ पासून एस्टीचा जो लांबलचक संप झाला, त्या दिवसांत ज्याने हप्त्यावर मोटार घेतली, त्याला पुन्हा स्टँडवर आणणे सोपे नव्हे.

गंमत अशी, की या प्रश्नांवरचा तोडगा याच मुलखाने एकदा पाहिलेला आहे. १९३२ साली निजाम सरकारने बसगाड्या सुरू केल्या त्या अवघ्या २७, आणि त्या चालवल्या कोणी? रेल्वेने! आगगाडी आणि बस एकाच घरच्या. पुढे १९५१ मध्ये बस रेल्वेपासून वेगळी झाली आणि १९६१ साली मराठवाड्याची एस्टी महाराष्ट्राच्या महामंडळात आली. आज रेल्वे दिल्लीची, एस्टी मुंबईची, आणि संभाजीनगरात जानेवारी २०१९ पासून धावणारी शहर बस तिथल्या लोकांची. तिघी बहिणी एकाच गावात नांदतात, पण एकमेकींकडे जाणे-येणे बेताचेच.

३० डिसेंबर २०२३ रोजी जालन्याहून वंदे भारत सुटली. ती मुंबईला जाणाऱ्याच्या सोयीची. करमाडच्या कारकुनाला तिचा काय उपयोग? त्याला हवी दहाच्या आत पोहोचवणारी आणि सहानंतर परत नेणारी साधी गाडी. एकेरी रुळांवर एका गाडीला दुसरीसाठी थांबावे लागते. संभाजीनगर ते परभणी दुहेरी मार्गाला जुलै २०२५ मध्ये केंद्राने मंजुरी दिली आहे. रूळ पडतील तेव्हा पडतील. एस्टीला मात्र रुळांची वाट पाहण्याचे कारण नाही. सिडकोहून निघून थेट कलेक्टर कचेरीशी उतरवणाऱ्या चार-सहा गाड्या सकाळी, आणि तिथूनच रात्री आठपर्यंत परत सोडल्या, तर निदान दोन प्रश्न सुटतात.

लंडनने २००३ साली शहरात शिरणाऱ्या मोटारींवर कर बसवला, पण त्याबरोबर जादा बसही रस्त्यावर आणल्या. सिंगापूरने हे १९७५ मध्येच केले होते, आणि ज्या मोटारीत चार माणसे असतील तिला तेव्हा कर माफ होता. आमच्या काही मास्तर मंडळींनी कायद्यावाचूनच ही युक्ती काढली आहे. चौघांत एक मोटार, सोमवारी याची, मंगळवारी त्याची. वाद होतो तो एवढाच, की पुढच्या खिडकीपाशी आज कोणी बसायचे.